बाळाची वाटी



गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला की बोलणं हमखास पोराबाळांवर येतं. "ताई, पोरगं काही खातच नाही हो. बिस्किटाचा पुडा दिला की मात्र बरोबर संपवतं." दीड-दोन वर्षांचं मूल तोंड मिटून बसलेलं आणि आई वाटी घेऊन त्याच्या मागं, हे चित्र घरोघरी आहे. म्हणून आज त्या वाटीचाच इतिहास सांगते.

आपल्याकडं सहाव्या-सातव्या महिन्यात उष्टावण करतात. मामाच्या मांडीवर बसून बाळ खिरीचं पहिलं बोट चाखतं. त्यानंतर बाळासाठी वेगळा स्वयंपाक होत नसे. भात जरा जास्त शिजवायचा, वरणात तिखट पडण्याआधी बाळाची वाटी बाजूला काढायची, वर तुपाची धार. थोडं मोठं झालं की मेतकूट-भात. मेतकुटात हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, गहू भाजून दळलेले असतात. म्हणजे एका चमच्यात डाळ आणि धान्य दोन्ही.

नाचणीचंही तसंच. हे धान्य मूळचं आफ्रिकेतलं, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडं आलं आणि कोकणात, डोंगरपट्ट्यात रुजलं. शंभर ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. आपल्या आज्या ती भिजवायच्या, फडक्यात बांधून मोड आणायच्या, वाळवून दळायच्या. मोड कशाला, असं विचारलं तर "बाळाला पचतं" एवढंच सांगायच्या. १९८० च्या दशकात बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी मोडाच्या पिठावर अभ्यास केला. मोड आल्यावर धान्यातला पिष्ट पदार्थ फुटतो, त्यामुळं खीर घट्ट गोळा होत नाही. बाळाचं पोट लहान. पातळ खिरीतून त्याला जास्त धान्य देता येतं. आज्यांचं म्हणणं खरंच होतं.

मग बाळाची वाटी सरकारच्या हातात कशी गेली? १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, यातून अंगणवाडी जन्मली. पुढं १९७२ चा दुष्काळ पडला. माझ्या सासूबाई सांगतात, त्यांची आई खडी फोडायच्या कामावर मिळालेली सुकडी स्वतः न खाता पदरात बांधून लेकरांना आणायची. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

आहार वाढला, तसे ठेकेदारही आले. लांबून पाकिटं यायची. आमच्या वस्तीवर ती मुलं तोंडात धरत नसत, शेवटी म्हशीच्या घमेल्यात जायची. ७ ऑक्टोबर २००४ ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत. गावसमाज, बचत गट आणि महिला मंडळांना प्राधान्य द्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला मोफत आहाराचा हक्क दिला. कुपोषित नसलेल्या मुलासाठी त्यात तेव्हा रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं ठरवली होती.

आमच्या गटानंही अंगणवाडीची खिचडी शिजवायला घेतली. पहिल्या आठवड्यात निम्मी ताटं तशीच परत आली. आम्ही मुलांना नखरेल ठरवलं. मग एका म्हाताऱ्या सभासद बाई म्हणाल्या, "अगं, तुम्ही मोठ्यांची खिचडी करताय. तिखट घालायच्या आधी पोरांची काढत होतो की आपण!" मिरची कमी केली, खिचडी मऊ केली, ताटं रिकामी यायला लागली. चूक मुलांची नव्हती.

तेव्हा घरी काय करायचं? वर्षानंतर मुलाची वाढ थोडी मंदावते, भूकही कमी होते, त्यानं घाबरू नका. जेवणाआधी बिस्किट देऊ नका. मुगाची मऊ खिचडी, मोड आलेल्या नाचणीची गूळ घातलेली खीर, शेवग्याचा पाला बारीक चिरून घातलेलं धिरडं, दाण्याचं बारीक कूट घातलेली दशमी, यातलं आलटून पालटून करा. अख्खे शेंगदाणे मात्र देऊ नका, घशात अडकतात. नवी चव एकदा थुंकली म्हणून सोडू नका. आठ-दहा वेळा पुढं आली की मुलं घेतात. आणि आपल्यासोबत पंगतीत बसवा.

अंगणवाडीचा आहार आपल्या मुलाचा हक्क आहे. तो कसा आहे, हे चाखून बघा, बरा नसेल तर ग्रामसभेत बोला. आणि आज संध्याकाळी वरणात तिखट घालण्याआधी बाळाची वाटी तेवढी बाजूला काढा.