कर्करोगोपचारजन्य वार्धक्य

कर्करोगोपचारजन्य वार्धक्य : कर्करोगावरील उपचार पूर्ण होऊन व्याधी हटल्यानंतरही शरीरात वयोमानापूर्वी उमटणारी जरेची लक्षणे. अशा व्यक्तीचे जन्मदाखल्यावरील वय आणि तिच्या हृदयाचे, अस्थींचे व रक्तवाहिन्यांचे वय यांचा मेळ बसत नाही.

रसायने व किरण यांचा मारा कर्कपेशींच्या डीएनएवर होत असला, तरी त्यात निरोगी पेशीही सापडतात. आणि ज्यांना ना धड सावरता येते ना मरता येते, अशा पेशी विभाजन कायमचे थांबवून, दाहकारक द्रव्ये स्रवत, ऊतींत ठाण मांडून बसतात. स्तनाच्या कर्करोगाकरिता रसायनोपचार घेतलेल्या स्त्रियांच्या रक्तात पी-१६ या वार्धक्यदर्शक घटकाची झालेली वाढ सुमारे पंधरा वर्षे वय वाढल्याइतकी असल्याचे २०१४ मधील एका अमेरिकी अभ्यासात आढळले. रोगी ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात, ते डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूस, तर सिसप्लॅटिन श्रवणशक्तीस व मूत्रपिंडांस अपाय करू शकते; बीजकोशांवर आघात झाल्यास ऐन तारुण्यात ऋतुसमाप्ती होऊन हाडे ठिसूळ होतात. म्हणून कोणी उपचार टाळावेत असे मात्र मुळीच नाही, कारण या उपचारांनीच लहान मुलांतील कित्येक कर्करोग आज बरे होतात.

कोल्हापूरकडील रोगी महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रीचा प्रवास करून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) जात आले आहेत. आता पुष्कळसे उपचार कोल्हापुरातच होतात. बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांच्या आजन्म तपासणीसाठी टाटा रुग्णालयात १९९१ मध्ये स्वतंत्र ‘ॲक्ट’ क्लिनिक सुरू झाले, ही आपल्याकडील या विषयातील सर्वांत मोलाची घटना होय. लहानपणी रक्ताच्या कर्करोगातून वाचलेला तिशीतला तरुण जोतिबाच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबला, की सोबतचे सहज विचारतात, “दमलास व्हय रं एवढ्यात?”, आणि तोही ते अंगातला आळस समजून सोडून देतो, वस्तुतः तो दम हृदयाच्या क्षीणतेचा असू शकतो व सोनोग्राफीसारख्याच, वेदनारहित अशा इको तपासणीत तो कळून येतो.

चालण्याचा व स्नायू बळकट करणारा नियमित व्यायाम, तंबाखूचा त्याग आणि रक्तदाबाची व अस्थिघनतेची वेळोवेळी तपासणी हे उपाय हितकर आहेत. त्याहूनही निकडीची गोष्ट दफ्तराची आहे : कोणते औषध एकूण किती मात्रेत दिले गेले आणि किरण शरीराच्या कोणत्या भागावर पडले, याची नोंद असलेली फाईल बरे झाल्याच्या आनंदात माळ्यावर पडून राहते, आणि वीस वर्षांनी हृदयतज्ज्ञ नेमकी तीच मागतो.