ताडोबाचा वाघ, कोलामार्काची रानम्हैस आणि जनुकीय आराखडा

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यात, गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यातील खडकांत डायनासोरची हाडे सापडतात. वडधम येथे जीवाश्मांचे उद्यान आहे. याच खोऱ्यातील कोटा खडकसमूहाने ‘बारापासॉरस’ हा भारतातील सर्वांत प्रसिद्ध अवाढव्य शाकाहारी प्राणी जगापुढे आणला आणि अतिप्राचीन सस्तन प्राण्यांचे इवलेसे दातही दिले. प्राण्यांच्या उत्क्रांतीचा पुरावा म्हटले की, अशी हाडे आणि दगडच सामान्यतः डोळ्यांपुढे येतात. मात्र या दगडांत डीएनए शिल्लक राहत नाही. आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतील आहे आणि तोही सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचाच आहे. कोटा खडकांचे वय त्याच्या कितीतरी पट, कोट्यवधी वर्षांत मोजावे लागते. त्यामुळे उत्क्रांतीच्या कथेचा अलीकडचा, पण आपल्या दृष्टीने अधिक निकडीचा भाग जिवंत प्राण्यांच्या पेशींतच शोधावा लागतो. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांत तो शोधण्याजोगी सामग्री विपुल आहे.

जनुकसंच म्हणजे पेशीतील संपूर्ण डीएनए. चार रासायनिक अक्षरांच्या या लांबलचक मजकुरातील अक्षरांचा क्रम लावणे म्हणजे क्रमनिर्धारण. मानवी जनुकसंच वाचण्याचा प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्यासाठी कित्येक देशांच्या प्रयोगशाळा खपल्या आणि अब्जावधी डॉलर लागले. आता तेवढाच मजकूर हजार डॉलरच्या आत वाचून होतो. ही स्वस्ताई आली नसती, तर वन्य प्राण्यांच्या वाट्याला हे तंत्र क्वचितच आले असते.

वाघाचा जनुकसंच प्रथम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण कोरियातील प्राणिसंग्रहालयातल्या एका अमूर वाघाचा तो होता. सुमारे २.४ अब्ज अक्षरे, ३८ गुणसूत्रे आणि वीस हजारांच्या आसपास जनुके असा त्याचा पसारा आहे. घरातील मांजराशी त्याचे साम्य ९५ टक्क्यांहून अधिक निघाले. स्नायूंची ताकद आणि मांसाहाराचे पचन यांच्याशी निगडित जनुकांवर निवडीचा ठसा त्यात स्पष्ट दिसतो. गोड चव ओळखणाऱ्या जनुकांपैकी एक जनुक तर मांजर, वाघ आणि चित्ता या तिघांतही निकामी झाल्याचे २००५ मध्येच आढळले होते. मांसावर जगणाऱ्या प्राण्याला साखरेची गोडी कळली काय आणि न कळली काय! जे उपयोगाचे नाही, ते टिकवण्यासाठी निसर्ग श्रम घेत नाही.

एका वाघाच्या आराखड्यावरून जात कळते. तिचा इतिहास कळण्यासाठी अनेक वाघ वाचावे लागतात. २०१८ मध्ये ३२ वाघांच्या जनुकसंचांवरून असे दिसले की, आजच्या सर्व वाघांचा समान पूर्वज सुमारे एक लाख दहा हजार वर्षांपूर्वीचा असावा. २०२१ मध्ये ६५ वाघांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील डॉ. उमा रामकृष्णन यांच्या गटाचा सहभाग होता. त्यानुसार वाघांचे आजचे उपप्रकार गेल्या वीस हजार वर्षांतच एकमेकांपासून दुरावले. भारतीय वाघांत जनुकीय वैविध्य सर्वाधिक आढळले, ही समाधानाची बाब आहे. तिला दुसरी बाजूही आहे. संग्रहालयांत जपलेली जुनी कातडी आणि हाडे तपासून याच गटाने २०१३ मध्ये दाखवून दिले होते की, पूर्वीच्या भारतीय वाघांत आढळणारे तंतुकणिकांच्या डीएनएचे ९३ टक्के प्रकार आजच्या वाघांत सापडत नाहीत. शिकारीच्या आणि जंगलतोडीच्या काळात वाघांची केवळ संख्या घटली नाही, तर त्यांची घराणीच्या घराणी बुडाली. उरलेले वैविध्यही सर्वत्र सारखे नाही. रणथंबोरसारख्या एकाकी पडलेल्या जंगलातील वाघांत अंतःप्रजननाच्या खुणा ठळक आहेत. मध्य भारतातील एकमेकांशी जोडलेल्या जंगलांतील वाघांची स्थिती तुलनेने बरी आहे.

या ‘जोडलेपणा’च्या केंद्रस्थानी चंद्रपूर जिल्हा येतो. ताडोबाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९५५ मध्ये मिळाला आणि अंधारी अभयारण्यासह १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. २०२२ च्या व्याघ्रगणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज निघाला. त्यांतील मोठा वाटा चंद्रपूरचा असून, प्रकल्पाच्या सीमेबाहेर ब्रह्मपुरीसारख्या प्रादेशिक वनविभागांतही वाघ भरपूर आहेत. येथे जन्मलेले नर तरुण होताच बाहेर पडतात. ब्रह्मपुरी परिसरातील असाच एक वाघ २०२३ मध्ये थेट ओडिशाच्या गजपती जिल्ह्यात पोहोचला. अंगावरील पट्ट्यांवरून त्याची ओळख पटली. असा प्रवासी वाघ नव्या जंगलात जोडीदार मिळवतो, तेव्हा तो आपल्याबरोबर नवी जनुके नेतो. कोळशाच्या खाणी, गोंदिया-बल्लारपूर रेल्वेमार्ग, रुंद होणारे महामार्ग हे या वाटेवरचे अडथळे आहेत. भ्रमणमार्ग तुटला याचा पुरावा नकाशावर लगेच दिसतो. वाघांच्या विष्ठेतील डीएनएमध्ये तो दिसू लागायला काही पिढ्या जातात आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

उशीर झाल्यावर काय होते, याचे उदाहरण ओडिशातील सिमिलीपालमध्ये आहे. तेथील काही वाघांचे काळे पट्टे पसरून एकमेकांत मिसळलेले असतात आणि वाघ जवळजवळ काळा दिसतो. विनय सागर, उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये या रंगाचे कारण शोधले. ‘टॅकपेप’ नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल झाल्याने हा प्रकार घडतो. पाळीव मांजरांतील ढगाळ नक्षी आणि आफ्रिकेतील ‘किंग’ चित्त्याचे जाड पट्टे यांमागेही हेच जनुक आहे. ताडोबात २०१८ मध्ये दिसलेल्या काळ्या बिबट्याचा मात्र या जनुकाशी संबंध नाही. बिबट्यांतील काळेपणा वेगळ्या जनुकातून येतो. देशभरातील जवळपास चारशे वाघ तपासले असता हा बदल सिमिलीपालचे वाघ आणि दोन प्राणिसंग्रहालयांतील वाघ सोडून कोठेही आढळला नाही. ओडिशा वनविभागाच्या २०२३-२४ च्या गणनेत सिमिलीपालमधील २७ प्रौढ वाघांपैकी १३ या रंगाचे होते. पर्यटकांना काळ्या वाघाचे अप्रूप वाटते. शास्त्रज्ञांच्या लेखी मात्र मूठभर वाघ पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच वाढत आहेत, याचा तो इशारा आहे. रंगाचे जनुक डोळ्यांना दिसते. त्याच्याबरोबर साचत जाणारे घातक दोष दिसत नाहीत.

त्यावरचा उपाय चंद्रपुरातून गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘जमुना’ आणि नोव्हेंबरमध्ये ‘झीनत’ अशा दोन वाघिणी ताडोबातून सिमिलीपालला नेण्यात आल्या. झीनतला नवे घर मानवले नाही. झारखंड ओलांडून ती पश्चिम बंगालमध्ये शिरली आणि डिसेंबरच्या अखेरीस बांकुरा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून परत आणावे लागले. प्रयोगशाळेत योग्य ठरलेली जोडी जंगलात जमेलच, असे नाही. शिवाय वाघीण हलवणे म्हणजे औषधाची एक मात्रा देण्यासारखे आहे. भ्रमणमार्ग जिवंत असेल, तर ही मात्रा निसर्गच देत राहतो.

गडचिरोलीतील रानम्हशीची स्थिती वाघापेक्षा अधिक नाजूक आहे. मध्य भारतात अस्सल रानम्हशी आता छत्तीसगडमधील मोजक्या जागी आणि महाराष्ट्रात केवळ सिरोंचा वनविभागातील कोलामार्का परिसरात उरल्या आहेत. इंद्रावतीपलीकडील जंगलाशी हा परिसर जोडलेला आहे. २०१३ मध्ये त्याला संवर्धन राखीव क्षेत्र घोषित करण्यात आले. येथे शिकारीइतकाच मोठा धोका गावातील म्हशींचा आहे. पाळीव म्हैस ही रानम्हशीचीच वंशज. भारतातील नदीकाठची म्हैस ५० गुणसूत्रांची, तर आग्नेय आशियातील दलदलीतील म्हैस ४८ गुणसूत्रांची. जनुकसंचांच्या अभ्यासानुसार या दोघींचे पाळीवीकरण स्वतंत्रपणे झाले. नाते इतके जवळचे असल्याने रानरेडा गावच्या कळपात किंवा गावचा रेडा रानातल्या कळपात सहज मिसळतो आणि संकर होतो.

असा संकर ओळखणे दिसते तितके सोपे नाही. लांब, पसरलेल्या शिंगांवरून अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. तंतुकणिकांचा डीएनए केवळ आईकडून येतो. त्यामुळे रानम्हैस आणि गावचा रेडा यांचे वासरू त्या चाचणीत शुद्ध रानटी ठरेल. बापाकडून आलेले पाळीव रक्त पकडायचे, तर पेशीकेंद्रातील डीएनएच वाचावा लागतो. छत्तीसगडमध्ये ‘आशा’ या रानम्हशीच्या पेशींपासून कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने २०१४ मध्ये ‘दीपआशा’ ही प्रतिकृती जन्माला घातली. त्या वेळी तिचा गवगवा पुष्कळ झाला. परंतु प्रतिकृतीतून नवे वैविध्य निर्माण होत नाही. जे आहे, त्याचीच नक्कल होते.

गावच्या गुरांबरोबर रक्ताइतकेच रोगही येतात. बुळकांडीने एके काळी गुरांबरोबर रानम्हशी आणि गवेही मारले. भारत २००६ मध्ये आणि जग २०११ मध्ये बुळकांडीमुक्त जाहीर झाले. देवीनंतर पूर्णपणे नष्ट झालेला हा दुसराच रोग. त्याच्या विषाणूचे कूळ पाहण्यासारखे आहे. बर्लिनमध्ये १९१२ पासून जपून ठेवलेल्या एका फुप्फुसातून गोवराच्या विषाणूचा जनुकसंच मिळवण्यात आला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनानुसार गोवराचा विषाणू बुळकांडीच्या विषाणूपासून इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमारास वेगळा झाला असावा. आपल्या मुलांचा गोवर हा असा मुळात गोठ्यातून आलेला आहे.

याच कुळातील तिसरे भावंड म्हणजे ‘कॅनाइन डिस्टेंपर’. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीत त्याने सुमारे एक तृतीयांश सिंह मारले. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने हाच विषाणू ओळखला. ताडोबाच्या सीमेवरील गावांत मोकाट कुत्री आहेत आणि बिबट्या कुत्र्यांची शिकार करतो, हे ध्यानात घेतले तर येथील धोका वेगळा सांगायला नको. कुत्र्यांना लस टोचणे हा त्यावर सुचणारा पहिला उपाय. परंतु रशियाच्या अतिपूर्वेकडील वाघांबाबत २०२० मध्ये विषाणूंचा जनुकीय क्रम ताडून पाहिला, तेव्हा संसर्ग कुत्र्यांकडून नव्हे, तर रानातील अन्य मांसाहारी प्राण्यांकडून येत असल्याचे निघाले. तेथे कुत्र्यांना कितीही लस दिली, तरी वाघ वाचणार नाहीत; वाघांनाच लस द्यावी लागेल. ताडोबाबाबत दोन्ही शक्यता खुल्या धरल्या पाहिजेत. येथे साथ आलीच, तर कुत्रा, कोल्हा, बिबट्या यांच्या शरीरातील विषाणूंचे नमुने आधीपासून हाताशी असणे फार मोलाचे ठरेल.

बर्ड फ्लूने तर अशी वाट पाहिलीच नाही. मानव-वन्यजीव संघर्षातून पकडून नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात ठेवलेले तीन वाघ आणि एक बिबट्या डिसेंबर २०२४ मध्ये दगावले. हे वाघ चंद्रपूरचे होते. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने ‘एच५एन१’ विषाणूचे निदान केले. थायलंडमधील एका व्याघ्र उद्यानात २००४ मध्ये कोंबडीचे कच्चे मांस खाऊन याच प्रकारच्या विषाणूची लागण झाली. सुमारे १४७ वाघ त्यात मेले किंवा मारावे लागले. व्हिएतनाममध्ये २०२४ मध्येच ४७ वाघांचा बळी गेला. या विषाणूचा जनुकसंच आठ तुकड्यांचा असतो. क्रम लावताना संशोधकांची नजर त्यांतील ‘पीबी२’ जनुकाच्या ६२७ क्रमांकाच्या जागेकडे प्रथम जाते. तेथे एक विशिष्ट बदल झाला, तर पक्ष्यांत रुळलेला विषाणू सस्तन प्राण्यांच्या शरीरात अधिक जोमाने वाढू शकतो. थायलंडच्या वाघांतील विषाणूत तो बदल होता. पिंजऱ्यातील वाघ ज्या हातांनी खाणे घेतो, त्या हातांच्या दृष्टीनेही ही तपासणी महत्त्वाची आहे.

माणूसही याच जंगलातला एक प्राणी. गडचिरोलीत हिवताप आणि सिकलसेल हे दोन्ही विकार जुने आहेत आणि त्यांचे एकत्र असणे योगायोगाचे नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एक अक्षर बदलले की, लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. आई आणि वडील या दोघांकडून ते अक्षर आले, तर आजार होतो. एकाकडूनच आले, तर हिवतापाच्या घातक स्वरूपापासून संरक्षण मिळते. डासांच्या प्रदेशात हे अक्षर हजारो वर्षे टिकून राहिले ते याच कारणाने. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली असून, २०४७ हे तिचे उद्दिष्टवर्ष आहे. रक्ताचा थेंब घेऊन आजारी कोण आणि वाहक कोण हे ठरवून, विवाहापूर्वी सल्ला देणारी ओळखपत्रे वाटण्याचे काम त्या मोहिमेत चालते.