आधी बोर्डिंग, मग आरक्षण

आजचा भाग कोल्हापूरच्या बोर्डिंगांचा आहे, पण सुरुवात माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून करतो.

आमच्या खोलीत एक मित्र राहायचा. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावचा. घरी पावरी बोलायचा, शाळा मराठीत झाली आणि आयटीची पुस्तकं सगळी इंग्रजीत. तरी सी-लँग्वेजमधला पॉइंटर आमच्याआधी त्याला समजला! ॲडमिशन झाली होती, पण वसतिगृहाच्या यादीत नाव काही लागेना. म्हणून तिघांच्या खोलीत तो चौथा, जमिनीवर गादी टाकून. मेस उधारीवर. दिवाळीला गावी गेला, तो परत आलाच नाही. आम्ही म्हटलं, "झेपलं नसेल त्याला." हे वाक्य आठवलं की आज लाज वाटते.

कारण आमच्याच गावाचा इतिहास वेगळं सांगतो. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या, हे तुम्हाला माहीत असेल. पण व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं एप्रिल १९०१ मध्ये. म्हणजे आरक्षणाच्या वर्षभर आधी! पुढे मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दसरा चौकात उभं राहिलात तर यातल्या काही इमारती आजही दिसतात. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचं तर आधी अंथरूण आणि दोन वेळचं जेवण लागतं, साधा हिशोब होता.

आता आदिवासींचं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. फासेपारध्यांकडेही लोक त्याच नजरेनं बघायचे. महाराजांनी त्यांना काम आणि निवारा दिला, सोनतळी कॅम्पवर पहाऱ्याला ठेवलं. ज्यांना सगळे चोर म्हणत होते, त्यांच्याच हातात राखण दिली.

तिकडे अमेरिकेत १९६८ मध्ये नवाहो लोकांनी स्वतःचं कॉलेज काढलं. आपल्याच भूमीवर, आपली भाषा आणि इतिहास शिकवणारं. आज तिथे अशी तिसाहून जास्त कॉलेजं आहेत. आपल्याकडे गडचिरोलीत २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ आलं. पण इंजिनिअरिंग करायचं तर बरीच आदिवासी पोरं अजून पुणे, नाशिक, कोल्हापूरच गाठतात. अनुसूचित जमातींना ७ टक्के जागा आहेत. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी सरकारची 'स्वयम्' योजना आहे, त्यात जेवणाखाणाचे आणि राहण्याचे पैसे थेट खात्यात येतात. कल्पना बोर्डिंगचीच. फक्त पैसे वेळेवर यायला हवेत. सप्टेंबरचं जेवण मार्चमध्ये जेवता येत नाही ना!

आम्ही कोडवाले म्हणतो, डिपेंडन्सी आधी इन्स्टॉल करा, नाहीतर प्रोग्रॅम चालत नाही. शाहू महाराजांना हे १९०१ मध्येच कळलं होतं.

तुमच्या वर्गात कुणी दिवाळीनंतर परत आलं नसेल, तर "झेपलं नाही" म्हणण्याआधी एक फोन करा. मी केला नव्हता.

भेटू पुढच्या भागात.