नवे फर्निचर लवकर खराब झाले तर: झीज, दोष आणि ग्राहकाचे हक्क

नवा दिवाण सहा महिन्यांत मधोमध खचतो. कपाटाचे दार बिजागरीतून निखळते. पहिला पावसाळा लागला की टेबलाच्या कडा फुगून सनमायका सुटू लागतो. दुकानात गेल्यावर ठरलेले उत्तर मिळते, "वापरलेली वस्तू आहे, आता काही होणार नाही." हे उत्तर कायद्यात टिकतेच असे नाही. पण "लवकर खराब झाले" एवढीच आपली तक्रार असेल, तर तीही टिकत नाही. कायदा वस्तूची 'झीज' भरून देत नाही, तो वस्तूतील 'दोष' भरून देतो. त्यामुळे आपल्या घरातले फर्निचर झिजले आहे की ते मुळातच दोषयुक्त होते, हे आधी ठरवावे लागते.

हा लेख मुख्यतः दुर्ग जिल्ह्यातील हथखोज औद्योगिक क्षेत्र व भिलई परिसरात राहणाऱ्या मराठी भाषक लाभार्थी कुटुंबांसाठी आहे. कायदा देशभर एकच असल्याने महाराष्ट्रातील वाचकांनाही तो लागू पडेल. कार्यालयांची ठिकाणे तेवढी बदलतील.

झीज कोणती, दोष कोणता?

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याने १९८६ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. वस्तूच्या गुणवत्तेत, प्रमाणात, शुद्धतेत किंवा दर्जात असलेली उणीव म्हणजे दोष, असे हा कायदा म्हणतो. हा दर्जा कोणता? कायद्याने ठरवलेला, करारात लिहिलेला, करारात न लिहिता गृहीत धरलेला, किंवा विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे सांगितलेला. शेवटचे दोन शब्दप्रयोग ग्राहकाच्या फार उपयोगाचे आहेत. वॉरंटी कार्ड मिळाले नाही म्हणून हक्क संपत नाही, कारण माणूस झोपू शकेल इतका पलंग मजबूत असणे हे न लिहिताही गृहीत आहे. वस्तुविक्री अधिनियम, १९३० मध्येही हीच भूमिका आहे. तसेच वर्णन सांगून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे. साग म्हणून विकलेले लाकूड दुसरेच निघाले, तर ते किती टिकले हा प्रश्नच उरत नाही.

पाच वर्षांनी सोफ्याचे कापड विरले, रोज उघडून-मिटून कपाटाची कडी सैल झाली, उन्हात ठेवलेल्या खुर्चीचा रंग उडाला, ही झीज होय. वेल्डिंगचा टाका सुटून पलंगाचा पाय निखळणे, नव्या चौकटीतून बारीक भुसा गळू लागणे (लाकडात कीड आधीपासून असल्याची ही खूण असू शकते), न वाळवलेले लाकूड वापरल्याने फळी वाकणे, हे दोष होत. मधल्या जागेत बरेच काही येते. भुश्याच्या बोर्डाचे टेबल पाणी लागून फुगले, तर दुकानदार म्हणेल की पाणी तुम्ही सांडले, आणि ते खरेही असेल. परंतु त्याने 'वॉटरप्रूफ' म्हणून ते विकले असेल व बिलावर तसा शब्द असेल, तर बाजू तुमची. प्लायच्या बाबतीत 'एमआर' म्हणजे दमटपणा सोसणारे, पाणी सोसणारे नव्हे. उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरणाऱ्या प्लायसाठी 'बीडब्ल्यूआर' किंवा 'बीडब्ल्यूपी' असे लिहिलेले असते. दुकानात या तिन्हींना सर्रास 'वॉटरप्रूफ' म्हटले जाते.

पत्र्याच्या कपाटाबाबत आणखी एक गोष्ट. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. "इतरांकडे २२ आहे, आमच्याकडे २४ गेज" असे कोणी कौतुकाने सांगत असेल, तर तो कमी जाडीचा पत्रा दाखवत आहे. भिलईत पोलाद कारखान्याच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला हे सांगण्याची गरज नसावी, पण खरेदीला घरातले सगळेच जातात.

भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये घरगुती व कार्यालयीन फर्निचरसाठी स्वतंत्र मानके प्रसिद्ध केली आहेत: सर्वसाधारण खुर्च्या व स्टूल यांसाठी आयएस १७६३२, टेबलांसाठी १७६३३, कपाटांसाठी १७६३४ आणि पलंगांसाठी १७६३५. वस्तूवर आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून खरा की खोटा ते पाहता येते.

योजनेच्या पैशातून घेतले असेल तर?

हा प्रश्न या पोर्टलच्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. उत्तर तीन प्रकारे द्यावे लागते.

रोख मदत खात्यात आली आणि त्यातून तुम्ही वस्तू विकत घेतली, तर तुम्ही पूर्णपणे ग्राहक आहात. समजा, हथखोज येथील एका बहिणीने महतारी वंदन योजनेचे दरमहा १,००० रुपये दीड वर्ष बाजूला ठेवले आणि १८,००० रुपयांचा दिवाण घेतला. पैसा योजनेतून आला की पगारातून, याच्याशी दुकानदाराचा काही संबंध नाही. "सरकारी पैशाची वस्तू आहे, सरकारला विचारा" असे उत्तर मिळाल्यास ते मान्य करू नये.

वस्तूच भेट म्हणून मिळाली असेल, उदाहरणार्थ मुख्यमंत्री कन्या विवाह योजनेच्या सामूहिक विवाहात, तर गोष्ट वेगळी. तिथे तुम्ही किंमत दिलेली नाही, त्यामुळे ग्राहक आयोगाचा मार्ग अवघड होतो. अशा वेळी ज्या विभागाने खरेदी केली त्या महिला व बाल विकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्यावी किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या जनदर्शनात अर्ज करावा. पुरवठादाराला जाब विचारण्याचे काम खरेदीदार विभागाचे आहे.

तिसरा प्रकार व्यवसायाचा. मुद्रा कर्जातून शिवणकामाचे टेबल किंवा पार्लरची खुर्ची घेतली असेल, तर विक्रेता म्हणू शकतो की ही व्यापारी खरेदी आहे, तुम्ही ग्राहक नाही. कायद्यात याचे उत्तर आहे. स्वतःच्या कष्टाने उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात ही रेषा स्पष्ट केली: स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहक ठरतो. त्या प्रकरणातील अर्जदार स्वतः मात्र हरला, कारण त्याची यंत्रखरेदी मोठ्या प्रमाणावरील उत्पादनासाठी होती.

लग्नात वडिलांनी घेतलेले फर्निचर मुलगी वापरते, तिच्या नावावर बिल नसते. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहक आहे, म्हणून मुलगी स्वतः तक्रार करू शकते. शिवाय ती जिथे राहते तिथेच. गोंदिया किंवा नागपूरहून घेतलेला पलंग दुर्ग जिल्ह्यातील सासरी मोडला, तर तक्रार दुर्गच्या आयोगात दाखल होते. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय २०१९ च्या कायद्याने दिली आहे.

सुताराला घरी बोलावून काम करून घेतले असेल, तर ठरलेल्या रकमेत संपूर्ण वस्तू बनवून देण्याचा ठेका 'सेवा' ठरतो आणि त्यातील त्रुटीबद्दल तक्रार करता येते. रोजंदारीवर, तुमच्या सांगण्याप्रमाणे केलेल्या कामाबाबत ही तक्रार टिकणे कठीण आहे.

बिल, आणि बिलावरचे ते वाक्य

दुकानदार दोन बिले करतो, कच्चे आणि पक्के. पक्के घ्यावे. त्यावर लाकडाची जात, प्लायचा प्रकार, पत्र्याचे गेज, फोमची घनता, वॉरंटीचा काळ, जे जे तोंडी सांगितले ते ते लिहून घ्यावे. "साहेब, विश्वास नाही का?" असे विचारले जाईल. विश्वास आहे म्हणूनच लिहून मागतो, असे सांगावे. बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल नसेल तर यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरील दराचा संदेश, सामान पोचवणाऱ्या टेम्पोची पावती हे पुरावे जपून ठेवा. रोख दिलेल्या पैशाचा यांतला एकही पुरावा नसेल, तर बहुतेक तक्रारी तिथेच अडकतात.

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हा शिक्का अनेक बिलांवर असतो. दोषयुक्त मालाला तो लागू होत नाही. बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांच्या आत, दोषयुक्त माल परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून सामान घरी आल्यापासूनचा पहिला महिना फार मोलाचा. पलंग जोडला त्याच दिवशी चारही बाजूंनी, खालून आणि सांध्यांजवळून फोटो काढा. वस्तू घरी आली तेव्हा धड होती हे पुढे यावरूनच दाखवता येते.

हप्त्यांवर घेतले असेल आणि वस्तू बिघडली, तर रागाने हप्ता थांबवू नका. कर्जाचा करार वित्त कंपनीशी असतो, दुकानाशी नाही. हप्ता चुकला की दंड आणि पतनोंदीतील डाग तुमच्या नावावर बसतो, आणि पुढचे कर्ज मागताना तो आड येतो. ऑनलाइन खरेदीत कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे व एका महिन्यात निवारण करणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे.

तक्रारीची वाट

प्रथम दुकानदाराला लेखी कळवा. खरेदीची तारीख, रक्कम, बिल क्रमांक, दोष प्रथम कधी दिसला, काय हवे (दुरुस्ती, बदली की पैसे परत) आणि उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत एवढे पुरे. स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. दरम्यान मोडलेली वस्तू फेकू नका आणि दुसऱ्या सुताराकडून दुरुस्तही करून घेऊ नका. सुताराला फक्त दाखवा आणि बिघाडाचे कारण त्याच्या सहीने लिहून घ्या.

उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तेथे मराठीतही बोलता येते. हेल्पलाइन कंपनीशी बोलून तडजोड घडवते, तिला हुकूम देण्याचा अधिकार नाही. मोठ्या ब्रँडच्या बाबतीत हा फोन बऱ्याचदा पुरतो. वस्तीतल्या छोट्या दुकानाच्या बाबतीत त्यावर फार विसंबू नये.

पुढची पायरी म्हणजे दुर्ग येथील जिल्हा ग्राहक विवाद निवारण आयोग. ५० लाख रुपयांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तूंच्या तक्रारी तेथे चालतात आणि ५ लाखांपर्यंत कोणतेही शुल्क नाही. तक्रार 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून घरबसल्याही दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही. हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार सर्व महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत आहे. हथखोजच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी यातील 'औद्योगिक कामगार' हे शब्द लक्षात ठेवावेत. दूरध्वनी १५१००.

तक्रार हिंदीत लिहावी, कारण दुर्गच्या आयोगाचे काम मराठीत चालत नाही. भाषांतर करताना एक अडचण नेहमी येते. मराठीत आपण 'दोष' आणि 'त्रुटी' जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. तक्रारीत मात्र वस्तूसाठी 'दोष' आणि सेवेसाठी 'सेवा में कमी' असे वेगळे लिहावे. पलंग वाईट निघाला हा दोष. दुरुस्तीला येतो म्हणून तीन महिने कोणी आलेच नाही, ही सेवेतील कमी. दोन्ही घडले असेल तर दोन्ही लिहा.

तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत अर्ज झाला पाहिजे. दुकानदाराच्या आश्वासनांनी किंवा वारंवार पाठवलेल्या नोटिसांनी ही मुदत आपोआप वाढत नाही, म्हणून दोष दिसला त्या दिवसापासूनच मोजावे. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापलीकडे मुदत देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी जुन्या कायद्यातील अशाच तरतुदीबाबत ठरवले. दोष नजरेने कळत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तो खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो. १८,००० च्या दिवाणासाठी हे परवडणारे नसते, म्हणून फोटो, सुताराचे लेखी मत आणि प्रतिज्ञापत्र यांवर भर देणे शहाणपणाचे. निकालासाठी कायद्यात ३ महिने, आणि परीक्षण लागल्यास ५ महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागतो, हे धरून चालावे.

आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत व्याजासह परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो. पलंग कोसळून कोणाला इजा झाली असेल, तर 'उत्पादन दायित्व' या वेगळ्या तरतुदीखालीही मागणी करता येते. बनवणारा कोण हेच कळत नसेल तर त्या बाबतीत विक्रेता जबाबदार धरला जातो. ब्रँड नसलेल्या मालासाठी ही तरतूद उपयोगी आहे.

आदेश झाला तरी दुकानदार पैसे देत नसेल, तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करावा. आदेश न पाळणाऱ्याला १ महिना ते ३ वर्षे कैद, किंवा किमान २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुकानदार ४५ दिवसांत रायपूर येथील राज्य आयोगात अपील करू शकतो, पण त्यासाठी त्याला आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते.