लूत : आठ पायांचं कूळ

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात अंगावरचे केस झडलेलं, कानांच्या कडा खरखरीत झालेलं कुत्रं दिसलं की जुनी माणसं म्हणतात, ‘याले लूत भरली.’ हिंदीच्या वावरामुळे नवी पोरं ‘खुजली’ म्हणतात. खुजली नुसती खाज सांगते. लूत रोगाचं कूळच सांगते, असं माझं ठाम मत आहे.

संस्कृतात लूता म्हणजे कोळी. कोशांत त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, त्वचारोग. आणि लूत ज्याच्यामुळे होते तो सार्कोप्टिस हा जीव कीटक नाहीच. त्याला आठ पाय. कोळी, विंचू, गोचीड यांच्याच वर्गातला तो. त्याची मादी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. कातडीच्या वरच्या थरात ती बोगदा करते आणि त्यात अंडी घालत पुढे सरकते. सूक्ष्मदर्शक नसताना या रोगाला कोळ्याचं नाव मिळालं कसं?

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात एक उत्तर आहे. विश्वामित्रावर संतापलेल्या वसिष्ठांच्या घामाचे थेंब गाईसाठी कापून ठेवलेल्या गवतावर पडले, त्यातून कोळी उपजले. ‘लून’ म्हणजे कापलेलं, म्हणून ‘लूता’. पुढे त्यांचे १६ प्रकारही दिले आहेत. कथा देखणी, पण व्युत्पत्ती म्हणून लंगडी. शब्द रूढ झाल्यावर त्याला जोडलेली ही गोष्ट वाटते.

दुसरं मत वजनदार आहे. कोळ्याचं विष लाळ, नखं, मूत्र, दाढा अशा वाटांनी उतरतं, असं सुश्रुत सांगतो. अंगावर कोळी फिरला की फोड उठतात, ही समजूत आजही आहे. म्हणजे रोगाला मानलेल्या कारणाचं नाव मिळालं. पण कोळ्याचा फोड माणसाला उठतो आणि काही दिवसांत बसतो. मराठीत लूत मात्र चिकटली ती मुख्यतः कुत्र्याला, महिनोन्‌महिने. नुसत्या समजुतीवर हे नाव एवढं नेमकं बसेल, हे मला पटत नाही.

माझा अंदाज असा की कुणीतरी तो जीव डोळ्यांनी पाहिला होता. तीक्ष्ण नजरेला तो पांढुरक्या ठिपक्यासारखा दिसतो. १६८७ साली इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी यांनी खरजेचं कारण हाच जीव असल्याचं लिहिलं, तेव्हा बायका लेकरांच्या कातडीतून हे ठिपके टाचणीने काढतात, ही माहिती त्यांच्या हाताशी होती. तरी वैद्यकाने ते मनावर घेतलं नाही. १८३४ मध्ये रेनुची या कोर्सिकन विद्यार्थ्याने पॅरिसच्या डॉक्टरांसमोर तो जीव काढून दाखवला, आणि ही युक्ती त्याने आपल्या बेटावरच्या बायकांकडूनच पाहिली होती. युरोपातल्या बायकांना जे दिसलं ते आपल्या गोवारी-धनगरांच्या नजरेतून सुटलं असेल, असं मी मानत नाही.

ही लूत मुळात आली कुठून? बेल्जियमचे ॲलेक्स फेन यांच्या मते ती आधी माणसाची. माणसाकडून पाळीव जनावरांना आणि तिथून रानात गेली. पुढच्या जनुकीय अभ्यासांत माणसावरचे आणि कुत्र्यावरचे सार्कोप्टिस बरेच वेगळे निघाले, त्यामुळे ही सरळ वाट आता तितकी सरळ राहिलेली नाही. शेवटच्या टप्प्याबद्दल मात्र फेन यांचं पारडं जड वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या वॉम्बॅटला ही खरूज युरोपियनांनी आणि त्यांच्या जनावरांनी दिली असं मानतात. अमेरिकेत तर ती मुद्दाम सोडली गेली. माँटाना राज्याने १९०५ मध्ये कायदा केला : पकडलेल्या लांडग्या-कायोटींना लूत लावायची आणि मोकळं सोडायचं. त्या भागातले लांडगे आजही लुतीने आजारी पडतात.

गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे, आणि नागझिरा रानकुत्र्यांसाठी प्रसिद्ध. ती कळपात अंगाला अंग लावून झोपतात. एकाला लूत भरली तर सगळ्यांना धोका. आणि लूत पाळीव जनावरांकडूनच रानात जात असेल, तर तिचा माग गावकुत्र्यापासूनच काढायला हवा. त्यात पहिली अडचण अशी की लोक लूत म्हणतात तो रोग एकच नसतो. डेमोडेक्स हा दुसरा सूक्ष्म जीव पिल्लाला आईकडूनच मिळतो. त्याची लूत एका कुत्र्याची दुसऱ्याला सहसा लागत नाही. सार्कोप्टिसची लागते, माणसालाही काही दिवस खाजवायला लावते.

दोन्हींतला फरक चाचपायची सोपी रीत आहे. कुत्र्याच्या कानाची कड बोटांत धरून चोळायची. सार्कोप्टिस असेल तर पुष्कळदा त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागतो. हात मात्र साबणाने धुवायचे. खात्री हवी तर पशुवैद्य पात्याला तेल लावून, रक्ताचा टिपूस दिसेपर्यंत कातडी खरवडतात आणि काचेवर पाहतात. तरीही हा जीव अनेकदा हुकतो. मग उपचार देऊनच निदान ठरवावं लागतं.

माग काढायचा तर वहीत ‘लूत’ एवढंच लिहून भागणार नाही. कान, कोपर की तोंड, एकच कुत्रं की सगळी गल्ली, घरात कुणाला खाज सुटली का, एवढं टिपलं तर जंगलाकडे सरकणारी लूत गावातच अडवता येईल.