पर्पेतुआ आणि फेलिसिटी : १,८०० वर्षांपूर्वीच्या दोन आयांचं धैर्य आजही का आठवलं जातं?

इसवी सन २०३. उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज शहर, आजच्या ट्युनिशियातलं. तिथल्या तुरुंगात साधारण २२ वर्षांची एक तरुणी आहे. चांगल्या घरातली, शिकलेली आणि अंगावर दूध पिणारं बाळ असलेली. सुटका हवी असेल तर तिला एकच गोष्ट करायची आहे : रोमन सम्राटाच्या कल्याणासाठी देवतांना अर्पण. पण ती नकार देते.

तिचं नाव विबिया पर्पेतुआ. कॅथलिक चर्चमध्ये ७ मार्च हा तिचा आणि तिच्यासोबत मारल्या गेलेल्या फेलिसिटीचा सण आहे.

गुन्हा काय होता?

रोमन साम्राज्यात असं अर्पण करणं म्हणजे राज्यावरची निष्ठा दाखवणं. ख्रिस्ती लोकांसाठी मात्र ती दुसऱ्या देवाची पूजा होती. पर्पेतुआ आणि तिच्या सोबत्यांना अटक झाली तेव्हा ते ख्रिस्ती धर्माची शिकवण घेत होते. त्यांचा बाप्तिस्मा अटकेनंतर झाला. म्हणजे मागे फिरायला वाव होता.

आपल्याला हे कसं कळलं?

पर्पेतुआने तुरुंगात लॅटिनमध्ये नोंदी लिहिल्या. ख्रिस्ती स्त्रीने स्वतः लिहिलेल्या आणि आजपर्यंत टिकलेल्या सर्वात जुन्या लेखनात त्यांची गणना होते.

या नोंदींमधली पर्पेतुआ निर्भय नाही. अंधाऱ्या कोठडीला ती घाबरते. बाळाच्या काळजीने तिचा जीव तुटतो. बाळ जवळ ठेवायची परवानगी मिळते, तेव्हा तिला तोच तुरुंग महालासारखा वाटू लागतो.

सगळ्यात अवघड प्रसंग वडिलांचे आहेत. ते पुन्हा पुन्हा येतात, विनवतात, तिच्या पाया पडतात. ती त्यांना एक भांडं दाखवून विचारते, याला दुसऱ्या नावाने हाक मारता येईल का? तसंच मीही जी आहे त्यापेक्षा वेगळं काही स्वतःला म्हणवून घेऊ शकत नाही. पुढे सुनावणीच्या वेळी अधिकारी हिलारियानस तिच्या वडिलांना काठीने मारायला लावतो. तो मार आपल्यालाच बसल्यासारखं दुःख झालं, असं ती लिहिते.

फेलिसिटी कोण होती?

फेलिसिटी गुलाम होती आणि आठ महिन्यांची गरोदर होती. तुरुंगातच तिला मुलगी झाली. कळा सोसताना ती ओरडली, तेव्हा पहारेकऱ्याने टोमणा मारला : आत्ताच रडतेस, मग श्वापदांसमोर काय करशील? तिच्या उत्तराचा आशय असा : आज हे दुःख माझं मी सोसतेय, त्या दिवशी माझ्यासाठी सोसणारा दुसरा माझ्यात असेल. तिची मुलगी एका ख्रिस्ती स्त्रीने वाढवली.

त्या दिवशी काय घडलं?

सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचा मुलगा गेटा याच्या वाढदिवसानिमित्त खेळ ठेवले होते. मैदानात दोघींवर एक रानटी गाय सोडण्यात आली. तिच्या धडकेने दोघी कोसळल्या. पर्पेतुआ उठली आणि तिने हात देऊन फेलिसिटीला उभं केलं. वरच्या वर्गातली स्त्री आणि एक गुलाम, हजारो लोकांसमोर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. शेवटी सगळ्यांनी एकमेकांना शांतीचं चुंबन दिलं आणि त्यांना तलवारीने मारण्यात आलं.

यातून कॅथलिक लोक काय घेतात?

हुतात्म्यासाठी इंग्रजीत जो 'मार्टर' शब्द आहे, त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे साक्षीदार. चर्चसाठी हुतात्मा म्हणजे मरण शोधणारा नव्हे, तर मरण समोर असतानाही खोटं न बोलणारा.

दोन तान्ही बाळं मागे राहिली, हे आजच्या वाचकालाही टोचतं. पर्पेतुआच्या नोंदी ते झाकत नाहीत. भीती आणि माया दोन्ही असताना केलेला निर्णय, हेच त्यांचं धैर्य. रोज कुणापुढे श्वापदं येत नाहीत. पण नोकरी, नाती किंवा प्रतिष्ठा वाचवण्यासाठी आपण जे आहोत ते नाकारायची वेळ अनेकांवर येते.

मिस्साच्या 'रोमन कॅनन' या प्राचीन प्रार्थनेत दोघींची नावं आजही आहेत. मराठीतून मिस्सा होणाऱ्या वसईसारख्या भागातही ही प्रार्थना पूर्ण म्हटली गेली की ती ऐकू येतात. आणि त्यानंतर थोड्याच वेळात शेजारी एकमेकांना शांती देतात.