शिकागोची भूमिगत गटारे आणि तळघरातील पूर : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

नगरांचा इतिहास प्रामुख्याने राजवाडे, बाजारपेठा, बंदरे व कारखाने यांच्या आधारे लिहिला गेला. जमिनीखालील गटारांकडे इतिहासकारांचे लक्ष त्या मानाने उशिरा वळले. अमेरिकेतील शिकागो शहरात मोठा पाऊस झाला की असंख्य घरांच्या तळघरांत मैलापाणी उलटे चढते. या घटनेकडे सामान्यतः नैसर्गिक आपत्ती म्हणून पाहिले जाते. एकोणिसाव्या शतकातील नगररचनेच्या निर्णयांची ती परिणती आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे. मराठी वाचकाच्या मनात 'तळघर' या शब्दासरशी धान्याची साठवण किंवा वाड्यातील गुप्त खोली उभी राहते. शिकागोत मात्र तळघरात भट्टी, कपडे धुण्याचे यंत्र व अडगळ यांबरोबरच कित्येक ठिकाणी माणसेही राहतात. भाडे कमी असते म्हणून राहतात.

शहर उचलले जाते

मिशिगन सरोवराच्या काठी वसलेल्या शिकागोला १८३७ साली शहराचा दर्जा मिळाला. जमीन सपाट, दलदलीची व सरोवराच्या पातळीपेक्षा जेमतेम काही फूट उंच होती. साहजिकच सांडपाण्याला उतार मिळत नसे. १८५४ च्या पटकीच्या साथीत लोकसंख्येच्या सुमारे ५ ते ६ टक्के माणसे दगावली. त्यानंतर १८५५ साली मलनिःसारण मंडळ स्थापन होऊन बोस्टनचे नगर अभियंता एलिस चेस्ब्रो यांना पाचारण करण्यात आले.

चेस्ब्रो यांची योजना धाडसी होती. गटारे खोल खणता येत नसतील तर ती जवळजवळ जमिनीवरच बांधावीत, त्यांवर मातीचा भराव टाकून रस्ते उंच करावेत आणि मग इमारतीही उचलाव्यात, असा हा विचार होता. काही ठिकाणी रस्ते दहा फुटांपर्यंत वर गेले. विटांच्या मोठमोठ्या इमारती शेकडो स्क्रू-जॅक लावून इंचाइंचाने उचलल्या गेल्या. १८६१ साली 'ट्रेमाँट हाऊस' हे हॉटेल उचलणाऱ्यांत जॉर्ज पुलमन होते. रेल्वेच्या शयनडब्यांमुळे पुढे प्रसिद्ध झालेले पुलमन ते हेच.

या पराक्रमाची वर्णने पुष्कळ आढळतात. परंतु सर्वांनाच घर उचलणे परवडले नाही, ही गोष्ट त्यांत क्वचितच येते. पिल्सेनसारख्या कामगार वस्तीत अनेक घरे होती तेथेच राहिली आणि रस्ता मात्र वर गेला. जो पूर्वी तळमजला होता तो रस्त्याच्या पातळीखाली गेला. पदपथावरून पायऱ्या उतरून अंगणात जावे लागते अशी घरे तेथे आजही दिसतात. म्हणजे या वस्त्यांतील कित्येक तळघरे कोणी खणली नाहीत. ती गटारयोजनेनेच निर्माण केली.

एकच नळ

दुसरा निर्णय मैला व पावसाचे पाणी एकाच नळातून वाहून नेण्याचा होता. पावसाच्या लोंढ्याने गटारे आपोआप धुतली जातील, ही त्यामागील अपेक्षा त्या काळाच्या ज्ञानाशी विसंगत नव्हती. पुढे शहर वाढले आणि जमीन फरसबंदी व डांबराखाली झाकली गेली. जे पाणी मातीत मुरत असे ते आता थेट गटारात येऊ लागले. मुख्य नळ तुडुंब भरला की पाण्याची पातळी घराच्या जोडनळातूनही तितकीच वर चढते. ती तळघराच्या जमिनीतील मोरीपेक्षा उंच झाली की पाणी तेथून बाहेर पडते. घरापासून नदी किती दूर आहे, याचा येथे संबंध नसतो.

प्रश्न सोडविण्याचे पुढील प्रयत्न बहुतांशी पाणी दुसरीकडे लोटण्याचे होते. पिण्याचे पाणी देणारे सरोवर दूषित होऊ नये म्हणून १९०० साली सुमारे ४५ किलोमीटरचा कालवा काढून शिकागो नदीचा प्रवाहच उलटविण्यात आला. (१८८५ च्या अतिवृष्टीनंतर ९०,००० लोक रोगाने मेले व म्हणून हा कालवा झाला, ही कथा अनेक पुस्तकांत आढळते. तिला पुरावा नाही.) खालच्या अंगाच्या मिसूरी राज्याने केलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने १९०६ मध्ये फेटाळला.

१९७२ साली खोल बोगदे व जलाशय यांची योजना स्वीकारण्यात आली. १९७५ मध्ये काम सुरू होऊन १७५ किलोमीटर लांबीचे बोगदे २००६ पर्यंत पूर्ण झाले. थॉर्नटन जलाशय २०१५ मध्ये, तर मकूक जलाशयाचा पहिला टप्पा २०१७ मध्ये कार्यान्वित झाला. नदीत जाणारा मैला यामुळे निश्चितच घटला. तथापि बोगद्यापर्यंत पाणी नेणारे गल्लीबोळांतील नळ जुने व अपुऱ्या व्यासाचेच असतील, तर खाली कितीही पोकळी असून तळघराला तिचा उपयोग मर्यादितच राहतो.

भार कोणाचा?

नगरपालिकेने १९९० च्या दशकापासून रस्त्यावरील जाळ्यांखाली पाण्याचा ओघ रोखणारी साधने बसविण्यास प्रारंभ केला. पाणी तळघरात चढण्याऐवजी काही काळ रस्त्यावर तुंबावे, हा त्यामागील हेतू होय. उपाय साधा व स्वस्त आहे. रस्त्यावर तुंबलेले पाणी निदान सर्वांना दिसते! एरव्ही नुकसान घराच्या आतच राहते. घराच्या सामान्य विम्यात गटार उलटल्याचे नुकसान बहुधा धरले जात नाही; त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कुक परगण्यातील नुकसानीचे दावे आणि नकाशावरील अधिकृत पूरक्षेत्रे यांचा जवळजवळ काहीच मेळ बसत नसल्याचे दिसून आले. २०१४ मध्ये एका विमा कंपनीने शिकागो परिसरातील सुमारे दोनशे स्थानिक संस्थांविरुद्ध दावा लावला. हवामानबदल ठाऊक असूनही गटारव्यवस्था सुधारली नाही, असा तिचा आरोप होता. काही आठवड्यांतच तिने तो मागे घेतला आणि जबाबदारीचा प्रश्न न्यायालयात अनिर्णित राहिला.

२ जुलै २०२३ च्या पावसात पश्चिमेकडील ऑस्टिन भाग व लगतचे सिसेरो येथील हजारो तळघरांत पाणी शिरले व केंद्र सरकारला आपत्ती घोषित करावी लागली. पाणी उलटे येऊ नये म्हणून जोडनळावर झडप बसविता येते. तिचा निर्णय व खर्च घरमालकाकडे असतो. झडप बंद असताना मात्र घरातील सांडपाणीही बाहेर जाऊ शकत नाही. वरच्या मजल्यावर कोणी नळ सोडला, तर ते पाणी तळघरातच उतरते.